वसंतातली रानटर्कीची शिकार: पेनसिल्व्हेनियात घरच्यांना आणि मित्रांना घेऊन जाताना

एप्रिलअखेरीस पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांवर ओक आणि मेपलला नुकती पालवी फुटायला लागते. पहाटे अजून अंधार असतानाच झाडावरून टर्कीच्या नराचा खणखणीत गॉबल येतो आणि अर्धा मैल दूरच्या टेकडीवरून दुसरा नर त्याला उत्तर देतो. या दिवसांत ऑफिसातला सहकारी किंवा शेजारी हटकून विचारतो, ‘टर्कीला येतोस का?’ आपल्यापैकी बहुतेकांना या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे घरात कोणी शिकवणारं नसतं. नवरा-बायको, शाळकरी मुलं, दोन-तीन मित्र असा जथा पहिल्यांदा निघणार असेल तर काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, यासाठी हा लेख आहे.

आधी एक शंका दूर करू: या शिकारीने टर्की संपणार तर नाही ना? आज इतक्या संख्येने दिसणारा हा पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ संपला होता. जंगलं तुटली होती आणि बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार होत होती. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पुढे १९५०च्या दशकापासून तोफेने उडवायच्या जाळ्यांनी रानटी पक्षी पकडून ते ओसाड जंगलांत सोडण्यात आले. आज लायसन्ससाठी भरलेले पैसेही याच कामाला जातात. वसंतात फक्त दाढीवाल्या पक्ष्याची, म्हणजे जवळजवळ नेहमी नराचीच, शिकार करता येते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे बहुतेक माद्या अंड्यांवर बसायला लागल्यावर थोडे नर कमी झाले तरी पुढची पिढी अडत नाही. तरीही घरातल्या कुणाला मारणं पटत नसेल तर त्यांना आग्रह करू नका. पहाटेचं जंगल ऐकायला त्यांनी बंदुकीशिवाय यावं, एवढंच म्हणा.

सगळे नियम ज्यातून निघतात ती एक गोष्ट

निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने सगळं उलटंच चाललेलं असतं. म्हणून तो मध्येच थबकतो, पिसारा फुलवून तिथेच फेऱ्या मारतो आणि मादीने पुढे यावं याची वाट बघतो. या शिकारीची गोडी आणि अवघडपणा दोन्ही इथेच आहेत.

धोकाही इथेच आहे. अंगभर कॅमोफ्लाज घातलेली, मादीचा आवाज काढणारी माणसं त्याच जंगलात आणखीही बसलेली असतात. गॉबल ऐकून कोणी झुडपांतून त्या दिशेने सरकायला लागला तर तो पक्ष्याकडे जातोय की दुसऱ्या माणसाकडे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. पेनसिल्व्हेनियात वसंतातली टर्की फक्त हाक मारून बोलवायची असते, दबा धरत मागे जाणं कायद्याने मना आहे. राज्य दुसरं असलं तरी हा नियम पाळाच. बसायचं, बोलवायचं, थांबायचं. पुढे लिहिलेलं बरंचसं याचाच विस्तार आहे.

कागदपत्रं: जानेवारी-फेब्रुवारीतच

पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला गेम कमिशनचा, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याचा, शिकारी-प्रशिक्षण कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. कोर्ससाठी वयाची किमान अट ११ वर्षं आहे. हा कोर्स पती-पत्नी आणि मुलांनी एकत्रच करावा, म्हणजे जंगलात सगळ्यांचे शब्द आणि सवयी एकसारख्या राहतात. साध्या लायसन्सवर वसंतात एक पक्षी मिळवता येतो. दुसऱ्यासाठी वेगळं लायसन्स लागतं आणि ते हंगाम उघडण्याआधीच घ्यावं लागतं. लहान मुलांसाठी मेंटर पद्धतीची, म्हणजे मोठ्या शिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकार करण्याची, सोय आहे. मुख्य हंगामाच्या आधीचा शनिवारही मुलांसाठी राखलेला असतो आणि तो शक्यतो चुकवू नका, कारण तेव्हा जंगलात गर्दी कमी असते आणि पक्षी अजून बिथरलेले नसतात.

आता आपल्यापैकी अनेकांना लागू पडणारी बाब. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला एरवी बंदी आहे. राज्याचं वैध, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स असणं हा त्याला ठळक अपवाद आहे. म्हणून लायसन्स हातात येईपर्यंत मित्राची बंदूक रेंजवर ‘जरा बघू’ म्हणूनही हातात घेऊ नका आणि लायसन्सची मुदत संपली की पुन्हा तेच पाळा. आपल्या प्रकरणाबद्दल इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या, सगळं ग्रीन कार्ड पणाला लावण्याइतकं कुठलंच पाखरू मोठं नाही. काही राज्यांत नुसती हाक मारणाऱ्यालाही लायसन्स लागतं, म्हणून जथ्यातल्या प्रत्येकाचं काम आधी ठरवा आणि त्याप्रमाणे नियमपुस्तिका वाचा.

हंगाम एप्रिलच्या शेवटच्या किंवा मेच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि ३१ मेपर्यंत चालतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकार करता येते. सुरुवातीचे साधारण दोन आठवडे ती दुपारी १२ला थांबवायची असते, नंतर दिवसभर मुभा असते. अंड्यांवर बसलेल्या माद्यांना त्रास होऊ नये म्हणून ही दुपारची मर्यादा आहे. नेमक्या तारखा दरवर्षी गेम कमिशनच्या पुस्तिकेत बघाव्यात.

बंदूक आणि छर्रे

वसंतात इथे रायफल चालत नाही. शॉटगन किंवा धनुष्य चालतं. शॉटगनमध्ये चेंबर आणि मॅगझिन धरून तीनच काडतुसं मावायला हवीत. शिशाचे छर्रे ४ नंबरपेक्षा मोठे नकोत (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक), ५ आणि ६ नंबरचेही उत्तम चालतात. नवख्याला, बारीक चणीच्या माणसाला आणि मुलांना २० गेजची, म्हणजे १२ गेजपेक्षा बारीक नळीची, बंदूक द्या. १२ गेजच्या जड काडतुसाचा धक्का खांद्यात बसला की माणूस पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

विकत घेतलेली बंदूक आणि चोक (छर्रे एकत्र ठेवण्यासाठी नळीच्या तोंडाला बसवायचा अरुंद तुकडा) तसेच घेऊन जंगलात जाणं मला मान्य नाही. रेंजवर मोठ्या पुठ्ठ्यावर टर्कीचं डोकं-मान काढा आणि २०, ३० आणि ४० यार्डांवरून एकेक बार टाका. डोक्याभोवती १० इंचांच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजा. ४० यार्डांवर त्या वर्तुळात शंभराच्या आसपास छर्रे आणि डोक्या-मानेत पुरेसे बसत असतील तर ते अंतर तुमचं. विरळ पडत असतील तर तुमची मर्यादा ३० यार्ड, आणि त्यात कमीपणा काही नाही. जवळून मारा केला तर छर्र्यांचा झुपका मुठीएवढाच राहतो, म्हणून १५ यार्डांवर नेम हुकणंही सोपं असतं. हे पुठ्ठे घरी आणून मुलांना दाखवा, अंतर म्हणजे काय ते त्यांना लगेच कळतं.

हाक शिकणं

या कामाला महिने द्या. लाकडी बॉक्स कॉल सर्वांत सोपा. झाकण पेटीच्या कडेवर हलकेच घासलं की मादीचा ‘क्योक-क्योक’ आवाज येतो. झाकणाला खडू लावावा लागतो, आणि तो मेणविरहित हवा. पाटीसारख्या गोल स्लेट कॉलवर काडी पेनासारखी धरून छोटे छोटे वर्तुळ काढायचे. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की सँडपेपरने खरवडायचा. मुलांना हा प्रकार फार आवडतो आणि त्यांचा हात पटकन बसतो. ओलं झालं की हे दोन्ही मुके होतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. तिसरा प्रकार तोंडात टाळूला चिकटवायचा डायफ्राम. तो शिकायला कठीण, पण दोन्ही हात मोकळे राहतात. सराव गाडीत एकटे असताना करावा.

शिकायचे आवाज मोजकेच. यल्प म्हणजे पाच-सात सुरांची ओळ, मादीची नेहमीची हाक. क्लक म्हणजे एकेक सुटा, शांत आवाज. पर म्हणजे चरताना केलेली समाधानी घरघर. पहाटे झाडावरची मादी काढते ती अगदी हलकी यल्प. एवढ्यांवर पूर्ण हंगाम निघतो. एक आवाज मात्र ओळखायला शिका आणि कधी काढू नका: एकच तीक्ष्ण ‘पट्!’ तो धोक्याचा इशारा असतो, आणि तो ऐकू आला म्हणजे पक्ष्याने तुम्हाला पाहिलं. आवाज गोड असण्यापेक्षा लय बरोबर असणं जास्त महत्त्वाचं. खऱ्या माद्याही पुष्कळदा कर्कश ओरडतात, पण त्यांची लय चुकत नाही.

नर कुठे आहे ते शोधायला घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढतात. अचानक मोठा आवाज झाला की नर नकळत गॉबल करून बसतो. नराच्या गॉबलची नक्कल करणारं साधन बाजारात मिळतं, ते सार्वजनिक जंगलात वापरू नका. त्याने तुमच्याकडे टर्कीच्या आधी दुसरा शिकारी येईल.

पक्षी कुठे आहेत ते आधी बघा

राज्याच्या स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सार्वजनिक जमिनी, सुमारे १५ लाख एकर आहेत, शिवाय वायव्येला पाच लाख एकरांहून मोठं अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय जंगल आहे. जागा कमी नाही, पण सगळीकडे पक्षी नाहीत. हंगामाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत पहाटे रस्त्यावर उभं राहून फक्त ऐका. मग सकाळ टळल्यावर आत जाऊन खुणा बघा. पाचोळा उकरलेल्या जागा, धूळ-अंघोळीचे खळगे, पिसारा मिरवताना पंखांची टोकं घासून मातीत उमटलेल्या समांतर रेघा. विष्ठेवरूनही कळतं: नराची लांबट आणि टोकाला हुकासारखी वळलेली असते, मादीची गोल गुंडाळलेली. ही फेरी कुटुंबासाठी सर्वांत चांगली. बोलायला बंदी नसते आणि मुलं मोठ्यांपेक्षा जास्त खुणा शोधतात. मात्र या फेऱ्यांत मादीचा आवाज काढू नका, पक्षी आधीच शहाणे होतात.

आदल्या संध्याकाळी सूर्य मावळताना जंगलाच्या कडेला थांबून घुबडाचा आवाज काढा. रात्रीसाठी झाडावर चढलेला नर उत्तर देतो, आणि पहाटे कुठे बसायचं हा प्रश्न सुटतो.

कोण कुठे बसणार

मित्रमंडळी एकत्र निघाली की गोंधळ इथेच होतो. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरा. प्रत्येक जोडीला एक डोंगरसोंड किंवा ओढ्याची एक बाजू वाटून द्या आणि सीमा बोटाने दाखवा. आपल्या हद्दीबाहेर कोणी जायचं नाही, शेजारच्या हद्दीत गॉबल कितीही जोरात येत असला तरी. परतायची वेळ ठरवा. वेळेआधी हलायचं असेल तर आधी मेसेज, उत्तर आलं तरच हालचाल. बार ऐकू आला म्हणून मदतीला धावून जायचं नाही.

दोघांत एकच बंदूक ही नवख्यांसाठी सर्वांत चांगली पद्धत आहे. एक जण हाक मारतो, दुसऱ्याकडे बंदूक. अनुभवी जोडी असेल तर हाक मारणारा बंदुकवाल्याच्या २०-३० यार्ड मागे बसतो, कारण नर बहुधा आवाजापासून पन्नासेक यार्डांवर थबकतो, आणि तेव्हा तो पुढे बसलेल्याच्या टप्प्यात आलेला असतो. दोघांना एकमेकांची नेमकी जागा माहीत हवी आणि ती मध्येच बदलायची नाही. मुलासोबत मात्र शेजारीच बसा, हाताच्या अंतरावर. चालताना बंदूक मोठ्या माणसाकडेच राहील.

लहान मुलांना स्थिर बसवणं कठीण, म्हणून कापडी तंबूसारखा ब्लाइंड लावा. आत हालचाल खपते, खाऊ खाता येतो, झोपही काढता येते. कानांवर इयरमफ हवेतच. मूल कंटाळलं, थंडीने कुडकुडलं, तर आठ वाजता घरी निघा. गॉबल चालू असला तरी निघा. जबरदस्तीने बसवलेलं मूल पुढच्या वर्षी येत नाही.

कपड्यांत लाल, पांढरा, निळा आणि काळा रंग कुठेही नको, मोज्यात किंवा रुमालातही. नराचं डोकं याच लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांचं आणि अंग काळपट असतं. चालताना डोक्यावर केशरी टोपी ठेवा. वसंतात ती आता सक्तीची नसली तरी ठेवा. डिकॉय, म्हणजे आमिष म्हणून लावायची टर्कीची प्रतिकृती, नेता-आणताना केशरी पिशवीत. दुसरा माणूस तुमच्याकडे येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाजही काढू नका. स्थिर राहून मोठ्याने माणसाच्या आवाजात हाक द्या.

गोचिडींबद्दल गंभीर राहा. लाइम आजाराचे रुग्ण सर्वाधिक असणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया आहे. कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे, मुलांचे केस नीट तपासा.

पहाट

मेच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, म्हणजे साडेचारपर्यंत गाडी लावलेली हवी. नराच्या झाडापासून सव्वाशे-दीडशे यार्डांवर बसा, त्याहून जवळ गेलात तर तो तुम्हाला बघेल. त्याच्या पातळीवर किंवा थोडं वर बसा, चढ चढून येणं त्याला उतरण्यापेक्षा सहज वाटतं. मध्ये ओढा, कुंपण किंवा दाट झुडूप नको. पाठीमागे खांद्यांपेक्षा रुंद झाड हवं: त्याने तुमचा आकार लपतो आणि मागून कोणी आलं तर पाठही झाकलेली राहते. उजव्या हाताचा नेमबाज असेल तर डावा खांदा नराच्या दिशेला, गुडघा वर आणि बंदूक गुडघ्यावर. डिकॉय लावणार असाल तर १५-२० यार्डांवर, तुम्हाला स्पष्ट दिसेल असं. ३० आणि ४० यार्डांवरची दोन झाडं उजाडताच हेरून ठेवा.

टर्की मान न वळवता सुमारे २७० अंशांतलं बघते आणि तिला रंगही दिसतात. वासाचं मात्र भय नाही. म्हणून चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे आणि हालचाल शून्य.

उजाडताना दोन-तीन हलक्या यल्प करा. त्याने उत्तर दिलं तर गप्प बसा. पुन्हा पुन्हा हाक मारण्याचा मोह सर्वांना होतो, पण सतत ओरडणारी मादी आपल्याकडे येतेच आहे असं समजून तो जागेवर थांबतो. खाली उतरल्यावर बरेचदा तो खऱ्या माद्यांबरोबर निघून जातो आणि जंगल शांत होतं. अनेक जण तेव्हा घरी जातात. तुम्ही थांबा. नऊ-दहाच्या सुमारास माद्या घरट्यांकडे वळतात, नर एकटा पडतो आणि माझ्या मते दिवसातली सर्वांत चांगली संधी तीच. तेव्हा तो पुष्कळदा न ओरडता येतो. म्हणून शेवटच्या हाकेनंतरही पाऊण तास न हलता बसा.

ओळख आणि बार

१६१२मध्ये मुघल सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी आणलेल्या नवलाच्या चिजांत टर्कीचा नरही होता. दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्र काढलं, आणि त्याच्या डोक्याचा रंग सरड्यासारखा बदलतो हे बादशहाने स्वतः नोंदवलं. जंगलात हेच बघायचं असतं. जोशात आलेल्या नराचं डोकं क्षणात लाल, पांढरं, निळं होतं. पण रंगावर बार टाकायचा नाही. पूर्ण पक्षी दिसला पाहिजे, छातीवरची केसांसारखी लोंबणारी दाढी दिसली पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे ते माहीत असलं पाहिजे. जेकच्या, म्हणजे वर्षभराच्या तरुण नराच्या, पिसाऱ्यात मधली पिसं इतरांपेक्षा लांब असतात, मोठ्या नराचा पिसारा एकसारखा गोल असतो. काही माद्यांनाही दाढी असते. कायद्याने तिला मारता येतं, पण तिच्या अंड्यांचा विचार करून तिला जाऊ द्या.

पिसारा फुललेला असताना मान आखडलेली असते, तेव्हा थांबा. एक हलका क्लक केला की तो मान उंच करतो. बंदूक उचलायची ती त्याचं डोकं झाडाआड गेल्यावर. डोकं आणि मान जिथे जुळतात तिथे नेम, ठरवलेल्या अंतराच्या आत. शंका आली तर बार नाही.

पक्षी पडल्यावर बंदुकीची सेफ्टी लावा, मगच उठा, आणि धावू नका. पायांचे काटे तीक्ष्ण असतात, तडफडणारा पक्षी हाताने धरू नका. हलवण्याआधी जागेवरच टॅग लावायचा असतो आणि १० दिवसांत गेम कमिशनला कळवायचं असतं. गाडीपर्यंत नेताना पक्षी केशरी कापडात गुंडाळा.

घरी आणल्यावर

मेमधल्या दुपारी ऊन असतं, म्हणून लवकर पोट साफ करून मांस गार करा. गळ्याजवळची अन्नाची पिशवी उघडून मुलांना दाखवा, पक्ष्याने काय खाल्लं होतं ते कळतं आणि पुढच्या वर्षी कुठे बसायचं तेही. कलेजी-पेठा टाकून देऊ नका.

रानटर्कीत चरबी फार कमी असते, दुकानातल्या थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसारखी अख्खी भाजली तर छाती कोरडी पडते. छातीचं मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, धाग्याला आडवे पातळ काप करा, आलं-लसूण, हळद, तिखट आणि लिंबू लावून तव्यावर झटपट परता. आतलं तापमान १६५ फॅरनहाइटला पोचलं की उतरवा. तंगड्यांत काडीसारखे कडक स्नायुबंध असतात. त्यांना कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून मंद आचेवर अडीच-तीन तास शिजवा, किंवा कुकरमध्ये पाऊण तास. मांस हाडापासून सुटलं की स्नायुबंध काढून टाका आणि रस्सा पुन्हा उकळा. ताटात वाढण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून छर्रे काढा, मुलांच्या वाटीत तर दोनदा बघा.